लाल गोलातली सायकल

पेंटरांनी एकतीस वर्षं बांधकाम खात्यात रस्त्यांवरच्या पाट्या रंगवल्या होत्या. त्यामुळे परदेशात मुलीनं वाहतुकीच्या नियमांचं पुस्तक हातात दिलं, तेव्हा त्यांनी ते उघडूनसुद्धा पाहिलं नाही.

पुस्तक पातळ होतं, बत्तीस पानांचं. मुखपृष्ठावर सायकलवर बसलेला एक हसरा माणूस.

"बाबा, माझी सायकल घेऊन बाहेर पडायच्या आधी हे एकदा नजरेखालून घाला," मुलगी म्हणाली. "इथले नियम वेगळे आहेत."

"पाटी ती पाटी," पेंटर म्हणाले. "आयुष्यभर मीच रंगवायची, आणि आता मीच शिकायची?"

मुलीनं वाद घातला नाही. तिची अवस्था वाद घालण्याची नव्हती. ती दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवत असे. महिन्यापूर्वी साच्यांचा ट्रे घेऊन मागच्या जिन्यानं उतरताना तिचा पाय घसरला, घोटा मोडला, आणि दिवसभर दुसऱ्यांच्या दातांवर प्लास्टर ओतणारी मुलगी स्वतःच गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये गेली. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि एकटीचा संसार. म्हणून आईवडील पाच महिन्यांसाठी येऊन राहिले होते.

आईला सगळे बाई म्हणत. पोस्टाच्या वर्गवारीत तीस वर्षं काढून त्या निवृत्त झाल्या होत्या. आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वयंपाकघराचा ताबा घेतला, डबे उंचीप्रमाणे लावले आणि चमच्यांना खण नेमून दिले. पेंटरांच्या वाट्याला बाहेरची कामं आली: दूध, भाजी, औषधं. त्यासाठी मुलीची सायकल होती, पुढे टोपली असलेली, निळी, बायकांची. पेंटरांना तिचं काही वाटलं नाही. रंगकाम चांगलं होतं.

घर आणि बाजार यांच्यामध्ये दुकानांचा एक लांबलचक रस्ता होता. त्याच्या तोंडाशी एक पाटी. पांढरा गोल, लाल काठ, आत काळी सायकल. पेंटर पहिल्या दिवशी तिच्याखाली थांबले आणि त्यांनी ती नीट पाहिली. काठ एकसारखा, कुठेही ओघळ नाही, सायकलची दोन्ही चाकं खरोखर गोल. मग त्यांनी अर्थ लावला. तिकडे मायदेशात ते अशी पाटी काढत तेव्हा सायकलवरून तिरकी लाल रेघ मारत, आणि ती रेघ म्हणजे मनाई. इथे रेघ नव्हती. म्हणजे मनाई नव्हती. म्हणजे हा सायकलींसाठी खास राखलेला रस्ता. त्याचा पुरावाही समोरच होता, कारण रस्त्यावर एकही मोटार नव्हती.

सतरा दिवस ते त्या रस्त्यावरून ऐटीत गेले. पायी चालणारी माणसं फार होती, म्हणून घंटी सतत वाजवावी लागे. लोक वळून बघत, हात वर करत, काहीतरी बोलत. चपलांच्या दुकानातली एक बाई तर रोज सकाळी बाहेर येऊन मोठ्यानं काहीबाही सांगे. पेंटर तिलाही हात करत.

"माणसं फार अगत्याची आहेत इथली," ते घरी म्हणाले. "नुसता दिसलो तरी बोलायला धावतात."

"तुम्हाला कुठून ओळखतात?" बाईंनी विचारलं.

"ओळखायला कशाला लागतं? चेहऱ्यावरून कळतो माणूस."

अठराव्या दिवशी त्याच रस्त्यावर त्यांना एक पोलीसबाई भेटली. ती आपली सायकल हातानं ढकलत चालली होती. पेंटरांना वाटलं, बिचारीची सायकल पंक्चर झाली. ते उतरले, तिच्यासमोर वाकले आणि त्यांनी तिचं पुढचं चाक अंगठ्यानं दाबून पाहिलं. मग मागचं.

"हवा ठीक आहे," त्यांनी मराठीत सांगितलं.

पोलीसबाईनं रस्त्याच्या टोकाशी असलेल्या पाटीकडे बोट दाखवलं. पेंटरांनी मान डोलावली. पाटी छान आहे याबद्दल त्यांचं दुमत नव्हतं. तिनं पुन्हा बोट दाखवलं, या वेळी पाटीकडून सायकलीकडे आणि सायकलीकडून त्यांच्याकडे. प्रकरण साधं दिसत नव्हतं. पेंटरांनी मुलीला फोन लावला आणि तो दोघांना ऐकू येईल असा मध्ये धरला.

पोलीसबाई बरंच काही बोलली.

"बाबा, त्या विचारतायत, तुम्हाला ती पाटी दिसली का?"

"दिसली म्हणजे? रोज बघतो. चाकांच्या तारा मात्र काढलेल्या नाहीत, पण एवढ्या आकारात त्या दिसल्याही नसत्या."

"मी 'दिसली' एवढंच सांगते."

"आणि हे सांग की रेघ नाही."

"कसली रेघ?"

"तिरकी लाल रेघ. ती असली तर मनाई. रंगवणारा विसरला असेल तर सायकलवाल्याची त्यात काय चूक? हवं तर मी मारून देतो म्हणावं. अर्ध्या तासाचं काम आहे. शिडी त्यांची."



"बाबा, हे मी त्यांना सांगणार नाही."

पोलीसबाईनं फोनकडे पाहून काहीतरी विचारलं आणि मुलीनं थोडक्यात उत्तर दिलं. पोलीसबाईचा चेहरा निवळला.

"काय सांगितलंस?"

"वडील माफी मागतायत, असं सांगितलं."

पेंटरांनी माफी मागितली नव्हती. पण पोलीसबाई त्यांच्याकडे बघून इतकं चांगलं हसली, की त्यांना मूग गिळून परत हसावं लागलं.

दंड नको असेल तर नवख्या सायकलस्वारांसाठी शनिवारी सकाळचा वर्ग होता. निर्णय बाईंनी घेतला. "वर्ग," त्या म्हणाल्या. "आणि मी बरोबर येणार. तुम्ही तिथे वाद घालाल."

वर्ग एका जुन्या बस आगारात भरत असे. आत बाकडी आणि भिंतीला टेकवलेल्या पाट्या, बाहेर डांबरी अंगणात रंगानं आखलेले छोटे रस्ते आणि चौक. शिकवणारी बाई पूर्वी बस चालवायची. तिचा आवाज अजून शेवटच्या सीटपर्यंत पोचेल असा होता. ती सावकाश इंग्रजी बोले आणि उरलेलं हातांनी सांगे. पेंटरांना कामापुरतं इंग्रजी येत होतं. बाईंना जास्त येत होतं, कारण परदेशी टपालाचा खण बरीच वर्षं त्यांच्याकडे होता.

पहिल्या पाव तासात पेंटरांनी हात वर केला आणि रेघेचा मुद्दा मांडला. शिकवणारीनं शांतपणे ऐकून घेतलं.

"तुमच्याकडे लाल गोलात पन्नास लिहितात?" तिनं विचारलं.

"लिहितात. शेकड्यांनी लिहिलेत मी."

"म्हणजे काय?"

"पन्नासच्या वर जायचं नाही."

"त्या पन्नासवर रेघ असते?"

  एकतीस वर्षांत काढलेले सगळे पन्नास पेंटरांच्या डोळ्यांसमोरून गेले आणि एकावरही रेघ नव्हती.

"लाल गोल हीच मनाई," शिकवणारी म्हणाली. "रेघ ही जास्तीची." आणि ती पुढच्या पाटीकडे वळली.

त्यानंतर पेंटर फारसे बोलले नाहीत. एक-दोन गोष्टी मात्र त्यांना ऐकूनही पटेनात. तिकडे घंटी म्हणजे 'मी येतोय'. ती वाजवली नाही तर माणूस उद्धट ठरतो. इथे घंटी म्हणजे 'तुझं चुकतंय'. अंगणातल्या चौकात त्यांनी सभ्यपणे इतरांना 'आधी तुम्ही' असा हात केला, तर बाकीचे तिघे ब्रेक दाबून उभे राहिले आणि चौक बंद पडला. उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला, असं शिकवणारीनं तिथे येऊन सांगितलं. तो हक्क त्यानं घ्यायचा. वाटायचा नाही.

बाई मागच्या बाकावर बसल्या होत्या. त्यांना पाट्यांबद्दल आधीचं काहीच माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी त्या टपालासारख्या लावून टाकल्या. तिकोनी एका खणात: जपून. लाल गोल दुसऱ्यात: नाही. निळा गोल तिसऱ्यात: हेच करायचं, दुसरं नाही. चौकोनी उरल्या त्या नुसती माहिती देणाऱ्या. शेवटी चित्रांचा पेपर वाटला, तेव्हा शिकवणारीनं बाकावर बसलेल्या प्रत्येकाला एक दिला. बाईंनीही आलेला कागद परत केला नाही.

तीस प्रश्न होते. पास व्हायला चोवीस हवे. पेंटरांचे सोळा बरोबर आले. बाईंचे तीस.

शिकवणारीनं बाईंना सगळ्यांसमोर प्रमाणपत्र दिलं. ते घेताना बाईंनी एवढंच सांगितलं, की त्यांना सायकल येत नाही. जन्मात त्या कधी सायकलवर बसल्या नव्हत्या. पेंटरांच्या स्कूटरवर मागे बसत, तेवढाच त्यांचा वाहतुकीशी संबंध.

घरी मुलगी हे ऐकून इतकी हसली, की तिला कुबडी धरून बसावं लागलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी प्रमाणपत्र पासपोर्टांच्या पाकिटात ठेवलं आणि कणीक मळायला घेतली. एक अक्षर बोलल्या नाहीत. चार टोमणे मारले असते तर पेंटरांना झेपलं असतं.

त्या आठवड्यात पेंटर बाथरूममध्ये जरा जास्त वेळ घालवू लागले. तिसऱ्या दिवशी बाईंनी बाहेरून दार वाजवलं.

"नळाचा आवाज येत नाहीये," त्या म्हणाल्या. "पान नऊपासून विचारू का?"

 आतून कडी निघाली.

पुढे रोज सकाळी तो दोघांचा कार्यक्रम झाला. पेंटर सायकलवर, बाई शेजारून फुटपाथवर, आणि दोघांचा वेग एकच. बाई हातातलं पुस्तक न बघता विचारत, "आता समोर काय?" आणि पेंटर सांगत. चुकले की त्या थांबत. त्या थांबल्या की पेंटरांना कळे.

एकदा पेंटर एकटेच दूध आणायला गेले. पुलाजवळ सायकलींचा वेगळा छोटा सिग्नल होता. तो लाल होता, म्हणून ते थांबले. गाड्यांचा सिग्नल हिरवा झाला, लाल झाला, पुन्हा हिरवा झाला. सायकलींचा लालच. पेंटरांनी त्या दिवसांत नियम पाळायचा निश्चय केला होता, तेव्हा ते उभे राहिले. पंचवीस मिनिटं उभे राहिले. मग कुत्रा घेऊन एक म्हातारी आली. तिनं खांबावरचं बटण दाबलं, सिग्नल हिरवा झाला, आणि ती त्यांच्याकडे एक नजर टाकून निघून गेली. कुत्र्यानंही टाकली.

दुपारी बाई मटार सोलत बसल्या होत्या. पेंटर समोर येऊन बसले आणि त्यांनीही शेंगा घेतल्या.

"सिग्नलला बटण असतं," ते म्हणाले.

"पान एकवीस."

"हं." त्यांनी चार शेंगा सोलल्या. "तुला खरं सांगू? मला तिकडच्याही सगळ्या पाट्या कळत नव्हत्या."

बाईंचा हात थांबला.

"कागद यायचा," पेंटर म्हणाले. "गोल, लाल काठ, दोन फुटी, चाळीस नग. सोबत नमुना. तसं काढायचं. अर्थ साहेबांना ठाऊक. मला कुणी सांगितला नाही, आणि पेंटरनं विचारायचा कसा? लोक म्हणाले असते, रंगवतोस कसा मग?"

"मग तुम्ही स्कूटर कशी चालवत होतात?"

"बाकीचे चालवायचे तशी."

सव्वीस वर्षं त्या स्कूटरवर मागे बसलेल्या बाईंनी हातातली शेंग खाली ठेवली. 

"मी डोळे मिटून बसायचे," त्या म्हणाल्या. "तुम्हाला वाटायचं, मला झोप लागलीय."

"मी हळू चालवायचो. तू झोपलीस म्हणून."

"ते कळायचं मला," बाई म्हणाल्या. "म्हणून तर मिटायचे." मग त्यांनी शेंग पुन्हा उचलली. "मी तरी एवढी पत्रं खणात टाकली, आत काय आहे कधी वाचलं? काम होतं आपलं. तुम्ही ती मोठी शेंग घेऊ नका, किडकी आहे."

दुसऱ्या परीक्षेत पेंटरांचे सत्तावीस आले. अंगणातल्या परीक्षेतही ते पास झाले. वळताना ते हात इतका सरळ धरत आणि इतका वेळ धरत, की वळण संपून गेलं तरी हात तसाच असे. शिकवणारीनं त्याचे गुण कापले नाहीत. दिसण्यात कमतरता नाही, एवढाच शेरा मारला. आणि मग ती बाईंकडे वळली.

"प्रमाणपत्र आहे," ती म्हणाली. "सायकल कधी?"

पेंटर मध्ये बोलणार होते, की या वयात हाडं मोडतील तर एका घरात दोन प्लास्टर होतील. पण त्याआधीच बाईंनी विचारलं, "किती वाजता यायचं?"

त्या एकसष्ट वर्षांच्या होत्या. त्यांना शिकवायला पॅडल काढून टाकलेली एक बुटकी सायकल दिली गेली. आधी नुसतं पायानं रेटत जायचं, तोल सापडला की मग पॅडल बसवायची. पेंटरांनी पहिल्याच दिवशी मागून कॅरिअर धरून धावायची तयारी दाखवली. शिकवणारीनं त्यांना कुंपणाबाहेर उभं केलं आणि ओरडायचं नाही म्हणून बजावलं. ते कुंपणाच्या जाळीत बोटं अडकवून उभे राहिले. बाई एकदा प्लास्टिकच्या शंकूंच्या रांगेत घुसल्या. एकदा कुंपणालाच येऊन थडकल्या, नेमक्या पेंटरांसमोर.

"लागलं?" पेंटर दबक्या आवाजात म्हणाले.

"बोलायचं नाही ना तुम्ही," बाई म्हणाल्या आणि वळल्या.

तिसऱ्या शनिवारी पॅडल बसली. चौथ्या शनिवारी बाई अंगणाला चार फेऱ्या मारून, मागे बघून, हात दाखवून, शिकवणारीच्या पायाशी येऊन थांबल्या. कपाळावर घाम होता आणि चेहऱ्यावर काही नव्हतं. पेंटरांना मात्र दोन मिनिटं दुसरीकडे बघावं लागलं.

तोवर मुलीचं प्लास्टर निघालं होतं. ती काठी घेऊन घरातल्या घरात चालत होती. तळमजल्यावरच्या शेजारणीनं आपली सायकल बाईंना वापरायला दिली, आणि एका रविवारी सकाळी दोघं पहिल्यांदा बरोबर बाहेर पडले. बाई पुढे, पेंटर मागे. मागे राहून लक्ष ठेवतो असं त्यांनीच सांगितलं होतं.

तिसऱ्या चौकाला कुठलीच पाटी नव्हती. बाईंनी उजवीकडे पाहिलं, रस्ता मोकळा होता, त्या गेल्या. पेंटर पोचले तेव्हा उजवीकडून एक टेम्पो आला. ते थांबले. टेम्पोमागून मोटार आली. तिचाही हक्क होता. मग एक सायकलवाला, सावकाश, गाणं म्हणत. चौक मोकळा झाला तेव्हा समोरच्या रस्त्यावर बाई नव्हत्या.

पेंटर पुढच्या वळणावर डावीकडे गेले, परत आले, उजवीकडे गेले, परत आले. मग घरी आले.

"आई कुठे?" मुलीनं विचारलं.

"पुढे गेली."

"कुठे पुढे?"

"तेच कळत नाहीये."

बाईंचा फोन स्वयंपाकघरात ओट्यावर होता. पेंटर गॅलरीत जाऊन उभे राहिले. खालून जाणारं प्रत्येक हेल्मेट त्यांनी नीट पाहिलं. मुलगी दोनदा म्हणाली, "बसा बाबा," आणि ते दोनदा बसले. एक तास दहा मिनिटांनी खाली शेजारणीची सायकल आली, रांगेत लागली, कुलूप झालं. जिन्यावर पावलं वाजली. बाईंचे गाल लाल झाले होते.

"कुठे होतीस?" पेंटरांचा आवाज त्यांना हवा होता त्यापेक्षा वर गेला.

"एक वळण आलं, वळले. मग दुसरं आलं. मग नदीकाठचा रस्ता लागला. निळा गोल, आत सायकल. म्हणजे आपलाच."

"मागे वळून नाही बघितलंस?"

"बघितलं की. तुम्ही नव्हतात."

"मग थांबायचं ना!"

"थांबायची पाटी नव्हती तिथे," बाई म्हणाल्या.

मुलगी घाईघाईनं चहा टाकायला उठली, काठी न घेताच. पेंटर खुर्चीत बसले. बाईंनी हेल्मेट काढून टेबलावर ठेवलं, पाणी प्यायल्या आणि समोर येऊन बसल्या.

"नदीकाठी एक पाटी होती," त्या म्हणाल्या. "पुस्तकात नाहीये. सगळी पानं आठवून बघितली."

"कशी होती?"

"तिकोनी. लाल काठ. आत बेडूक."

"बेडूक?"

"बेडूक."

पेंटरांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. थट्टा करताना बाईंची डावी भुवई किंचित हलत असे. ती हलली नव्हती.

"वर्षातल्या ठराविक दिवसांत बेडूक रस्ता ओलांडून पाण्याकडे जातात," मुलगी गॅसपाशी उभी राहून म्हणाली. "सगळ्यांनी जपून जावं म्हणून लावतात अशी पाटी, कुठे कुठे. पण नदीकाठी आहे? मी सहा वर्षं तिथून कामाला जाते. मी कधी पाहिली नाही."

"आहे," बाई म्हणाल्या. "वाकड्या झाडाच्या अलीकडे."

"बेडकासाठी पाटी," पेंटर म्हणाले. एकतीस वर्षांत त्यांनी गाय काढली होती, शाळेची मुलं काढली होती, घसरणारी मोटार काढली होती. बेडकाचा कागद कधी आला नव्हता. त्यांनी मुलीच्या खरेदीच्या यादीचा कागद ओढला, पालथा केला आणि पेन्सिल घेतली. तिकोन एका झटक्यात काढला. "बसलेला होता की उडी मारणारा?"

"उडी मारणारा. नाही, निघायच्या बेतात असलेला."

"तोंड कुठे?"

"डावीकडे. मागचा पाय असा लांब." बाईंनी टेबलावर हात ठेवून बोटं ताणून दाखवली. "नाही, एवढा जाड नाही. पोटऱ्या बारीक होत्या."

पेंटरांनी पाय खोडला आणि पुन्हा काढला.